युरोप, फुटबॉल आणि बाबांची उजवी बाजू

आमच्या घरात रविवारी दुपारी जर्मनीला शिव्या पडायच्या. शिव्या म्हणजे अगदी सभ्य, चहाच्या कपावरून दिलेल्या. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या रस्त्यावर बाकी सगळ्या घरांतून उन्हाळ्यात गवत कापायच्या यंत्राची घरघर ऐकू यायची, आणि आमच्या स्वयंपाकघरात माझे बाबा आणि केनकाका युरोपचं काय करायचं ते ठरवत बसलेले असायचे. दोघं कॉव्हेंट्रीच्या एकाच कारखान्यात कामाला होते, एकाच कंपनीने दोघांना उचलून इथे अमेरिकेत आणून ठेवलं होतं, आणि दोघांनाही इथे दुसरं कोणी असं सापडलं नव्हतं की ज्याला पौंडाची काळजी होती. केनकाका माझे काका कुठून असणार! उंच, लाल नाकाचा, उन्हात भाजून निघणारा इंग्रज माणूस तो. पण बाबांच्या वयाच्या माणसाला नुसतं नावाने हाक मारली की आईचा धपाटा पाठीत बसायचा, म्हणून ते केनकाका. ते अर्थातच इंग्रजीत बोलायचे. मी इथे मराठीत सांगते आहे, कारण मला आता ते मराठीतच आठवतं. मराठी मी आईच्या ओरडण्यातून शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत केनकाका जरा ओरडल्यासारखे वाटले तर तो दोष आईचा. प्रत्यक्षात त्या माणसाने कधी आवाज चढवला नाही.

सुरुवात नेहमी हवेपासून व्हायची. मग फुटबॉल. शनिवारी सकाळी बाबा बैठकीच्या खोलीत शॉर्टवेव्ह रेडिओ कानाला लावून बसायचे, खरखरीतून एक बाई किंवा बुवा इंग्लंडच्या गावागावांचे निकाल वाचायचा, आणि रविवारी तेच निकाल ते दोघं एकमेकांना सांगायचे, जसं काही दुसऱ्याला माहीतच नाही. फुटबॉल संपला की पैसा. पौंड कसा आपटला, जर्मन बँकेने व्याजदर वाढवले की लंडनला कशी धडकी भरते, आणि आता हे लोक सगळ्या युरोपात एकच नाणं आणायचं म्हणतात. "राणीचं डोकं कुठे जाणार मग?" केनकाका विचारायचे. "मागच्या बाजूला," बाबा म्हणायचे. "मागच्या बाजूला जर्मन असेल, मॅनी." बाबांचं नाव मनोहर, कारखान्यात त्याचं मॅनी झालं आणि तसंच राहिलं. मग ब्रसेल्सवाल्यांना म्हणे काकडी सरळ हवी, वाकडी काकडी चालत नाही, यावर अर्धा तास. आई एकदा सिंकपाशी उभी राहून म्हणाली, "इथं शिकागोत बसून त्या काकडीचं काय लोणचं घालायचं यांना!" बाबांनी ते केनकाकांना भाषांतर करून सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीखालचा बोगदा नुकताच सुरू झाला होता, तर केनकाकांना चिंता की इंग्लंडमधून डाव्या बाजूने आत शिरलेला माणूस फ्रान्समध्ये उजव्या बाजूने बाहेर कसा पडणार. बाबांनी कागदावर आकृती काढून दाखवलं की गाड्या आगगाडीवर चढवून नेतात. केनकाकांनी ती आकृती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, तरी सुद्धा.

चहा आमच्याकडे इंग्रजी पद्धतीचा, दूध नंतर घातलेला, आणि त्याबरोबर आईच्या हातचं जे असेल ते. डब्यातल्या बीन्सना मोहरी, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी देऊन टोस्टवर घालायचं, हा आमच्या घरचा कॉव्हेंट्रीपासूनचा पदार्थ. नागपूरचे नातेवाईक आले की तोंड वाकडं करायचे आणि दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. पाटवडीचा रस्सा असला की केनकाकांच्या नाकाचा रंग आणखी बदलायचा. रुमालाने कपाळ टिपत ते म्हणायचे, "जरा झणका आहे," आणि वाटी पुढे करायचे. आईला ते आवडायचे, पण त्यांचं बोलणं तिला अजिबात आवडायचं नाही. कारण त्या बोलण्याचा एक नियम होता: स्वतःचं काही काढायचं नाही. आदल्या वर्षी केनकाकांची बायको मॉरीन त्यांना सोडून इंग्लंडला परत गेली. त्या रविवारी ते नेहमीच्या वेळी आले, दोन कप चहा घेतला, व्याजदरावर बोलले, गोलकीपरवर बोलले, आणि निघताना दारात बूट घालता घालता म्हणाले, "बाय द वे, मॉरीन गेली. परत नाही येणार बहुतेक." बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "अरेरे." बस्स, झालं. दार लागल्यावर आई उसळली. "अहो, माणसाची बायको गेली आणि तुम्ही अरेरे? खांद्यावर हात तरी ठेवायचा होता!" बाबा म्हणाले, "त्याला ते आवडलं नसतं, यशो. त्यांच्यात विचारत नाहीत." आई म्हणाली, "तुमच्यात म्हणा. तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त झाले आहात." मला तेव्हा बाबांचं पटलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला कोणी काही न विचारणारं घर म्हणजे स्वर्गच की.

युरोप आणि पैशानंतर शेवटचा विषय ड्रायव्हिंग, आणि तिथे बाबा राजे. इंग्लंडमध्ये अठरा वर्षं गाडी चालवली होती आणि कधी साधा ओरखडासुद्धा नाही. इथे आल्यावर महाराष्ट्रातून नवीन येणारी पोरं, त्यांच्या बायका, सगळ्यांना बाबाच ड्रायव्हिंग शिकवायचे. शनिवारी दुपारी मॉलच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घाबरलेलं कोणीतरी स्टीअरिंगला लटकलेलं आणि शेजारी बाबा शांतपणे सांगताहेत, "घाई नाही. आरसा बघ. आता सोड हळूहळू." आई मात्र शिकली नव्हती. कॉव्हेंट्रीत बस होती, इथे बाबा होते. बाबा आणि केनकाका अमेरिकन रस्त्यांवर तुटून पडायचे. चारही बाजूंना थांबायची पाटी लावायची आणि मग चार गाड्यांनी एकमेकींकडे बघत बसायचं, ही काय पद्धत? गोल चौक करा की! सरळ रस्ते, रुंद रस्ते, म्हणून ह्यांना गाडी चालवताच येत नाही, असं दोघांचं ठाम मत होतं. आणि तेवढ्यात बाहेर आमचा मेलबॉक्स वाकडा उभा असायचा, कारण बाबांनी त्याला पुन्हा धडक दिलेली असायची.

ते मेलबॉक्सचं प्रकरण म्हणजे आमच्या घरचा मोठा विनोद होता. इथे मेलबॉक्स रस्त्याच्या अगदी कडेला खांबावर असतात, उजव्या बाजूला. इंग्लंडमध्ये ड्रायव्हर उजव्या सीटवर बसतो, इथे डाव्या. अठरा वर्षं उजवीकडे बसलेल्या माणसाला इथे आपल्या उजवीकडे किती गाडी उरली आहे याचा अंदाज येत नाही, हे केनकाकांचं शास्त्र होतं, आणि ते खरंही होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतः एक कचऱ्याचा डबा उडवला होता. म्हणून बाबांनी आमचा मेलबॉक्स पाडला तेव्हा आम्ही हसलो. शेजाऱ्यांचा पाडला तेव्हा बाबांनी नवीन बसवून दिला, आई पोह्यांची ताटली घेऊन गेली, आणि आम्ही हसलो. सिग्नलला डावीकडून आलेली गाडी बाबांना दिसली नाही, भोंगे वाजले, तेव्हा केनकाका मागच्या सीटवरून म्हणाले, "मॅनी अजून आधी उजवीकडे बघतो. रक्तातच आहे." फुटपाथच्या कडेवर चाक चढलं की मी ओरडायचे, "बाबा, आपण इंग्लंडमध्ये नाही आहोत!" आणि ते म्हणायचे, "सॉरी सॉरी, जुनी सवय." उजवीकडे चुकलं तर सीटची सवय, डावीकडे चुकलं तर बघण्याची सवय. दोन्ही बाजूंना एकेक कारण तयार होतं. जे कुटुंब भारतातून कधीही गाडी न चालवता सरळ इथे आलं असेल किंवा इथेच जन्मलं असेल, त्यांना हे कारण सुचलं नसतं. त्यांनी आधी डोळे तपासले असते. आम्हाला मात्र इंग्लंडने इतकं छान उत्तर देऊन ठेवलं होतं की प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

आता आठवलं की अंगावर काटा येतो. बाबा डिशवॉशरच्या उघड्या दाराला नडगी आपटून घ्यायचे, आणि आई ओरडायची, "लक्ष कुठं आहे तुमचं?" नडग्यांवर निळे डाग असायचे. टेबलाच्या कडेचा कप कोपराने खाली जायचा. त्या वसंतात केनकाकांनी एक नवीनच टूम काढली होती. कामाला जाताना दोघं एक आठवडा बाबांच्या गाडीने, एक आठवडा केनकाकांच्या गाडीने जायचे. पण हल्ली प्रत्येक आठवड्याला त्यांच्या गाडीला काहीतरी व्हायचं: बॅटरी बसते आहे, जरा फिरवायला हवी, टायर नवीन आहेत, जरा रुळायला हवेत. त्यामुळे गाडी तेच काढायचे. बाबा आईला म्हणाले, "केनला एकटं वाटतं गं, त्याला चालवायला बरं वाटत असेल." आई पोळी लाटायची थांबली आणि पुन्हा लाटायला लागली एवढंच मला आठवतं.

मला गाडी शिकायचं परमिट मिळालं तो उन्हाळा. शाळेत वर्ग झाला होता आणि आता घरच्या माणसाबरोबर सराव करायचा होता. रविवारी सकाळी बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः उजव्या सीटवर बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "वा! इथे बसलं की कसं घरी आल्यासारखं वाटतं. फक्त स्टीअरिंग कोणी चोरलं!" छान मूड होता त्यांचा. दुपारी टीव्हीवर विश्वचषकाची मॅच होती. अख्खं जग अमेरिकेत फुटबॉल खेळायला आलं होतं आणि नेमका इंग्लंडचाच संघ पात्र ठरला नव्हता, म्हणून बाबा आणि केनकाका कोणाच्या बाजूने ओरडायचं यावर आठवडाभर वाद घालत होते. जर्मनीच्या विरुद्ध जो असेल त्याच्या बाजूने, असं ठरलं होतं. मी आमच्या गल्लीतून हळूहळू निघाले. बाबा उत्तम शिकवायचे हो, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. एका शब्दानेही घाबरवायचे नाहीत. गल्लीच्या तोंडाशी मी थांबले. उजवीकडे वळायचं होतं. मी डावीकडून गाड्या येताहेत का बघत होते, मान तिकडेच वळलेली. रस्ता मोकळा झाला. बाबा म्हणाले, "चल, वळ."

मी ब्रेकवरून पाय उचलला आणि मान पुढे वळवली, तर बाबांच्या खिडकीच्या काचेपाशी एक गुलाबी हेल्मेट. सहा-सात वर्षांची मुलगी, छोट्या सायकलवर, हँडलला रंगीत झिरमिळ्या लावलेली, फुटपाथवरून सरळ आमच्या पुढ्यात येत होती. मी ब्रेक असा दाबला की दोघंही पट्ट्यावर आदळलो. मुलीने आमच्याकडे बघितलंही नाही, टपाटप पॅडल मारत गाडीच्या नाकासमोरून गेली. बाबा म्हणाले, "काय झालं? का थांबलीस?" मी म्हटलं, "बाबा, ती मुलगी!" ते म्हणाले, "कुठली मुलगी?" आणि मग ती बरोब्बर समोर आली तेव्हा दचकून म्हणाले, "अगं बाई! ही कुठून आली?" ती त्यांच्याच बाजूने आली होती. हात बाहेर काढला असता तर तिच्या हेल्मेटला लागला असता. मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. ते मुलीच्या पाठीकडे बघून हसत होते. "वेग बघ पोरीचा," म्हणाले. ते ज्या सीटवर बसले होते ती त्यांची इंग्लंडची सीट होती. इथे ना स्टीअरिंगची सवय आडवी येत होती ना बाजूची. आणि तरी त्यांना ती दिसली नव्हती.

घरी येऊन मी थेट स्वयंपाकघरात गेले. आई वड्यांसाठी बेसन घोटत होती. मी सगळं एका दमात सांगितलं, निम्मं इंग्रजीत, आणि शेवटी रडायला लागले. आईने शेगडी बंद केली. मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल, नीट चालवता येत नाही म्हणेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं गं." मग लगेच म्हणाली, "नाही, माहीत नव्हतं. वाटत होतं. विचारायला भीती वाटत होती." ती खुर्चीवर बसली. मला म्हणाली, "यांची गाडी गेली तर नोकरीवर कसं जायचं? आपण दूध आणायला तरी कसं जायचं इथं? एक बस नाही मेल्या गावात. आणि उद्या अशीच एखादी पोर..." पदराने माझं तोंड पुसलं, जोरात, मी पाच वर्षांची असल्यासारखं, आणि उठून परत बेसन घोटायला लागली, कारण ते कडक व्हायला लागलं होतं.

केनकाका मॅचच्या आधी आले. बैठकीच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टीव्ही, टीव्हीसमोर दोघं, मधे चहा. मैदानावर ऊन रणरणत होतं. केनकाका म्हणाले की भर दुपारी अशा उन्हात फुटबॉल खेळवणं हे फक्त अमेरिकनच करू शकतात. बाबा म्हणाले की टीव्हीवर युरोपात संध्याकाळ असते ना, सगळा पैशाचा खेळ. त्यावरून गाडी पैशावर आली, पैशावरून जर्मनीवर. आणि मग आई आत आली, हात पुसत, आणि खुर्ची ओढून टीव्ही आणि त्यांच्या मधोमध बसली. ती कधीच बसायची नाही. बाबा म्हणाले, "यशो, जरा बाजूला, दिसत नाही." आई केनकाकांकडे वळली. तिचं इंग्रजी कॉव्हेंट्रीच्या दुकानांमध्ये शिकलेलं, कामापुरतं. म्हणाली, "केन, तू यांच्या गाडीत बसतोस. यांना दिसतं का? हो की नाही, एवढंच सांग."

केनकाकांचा चेहरा नाकाच्या रंगाचा झाला. कप खाली ठेवला, परत उचलला. "आता बघ," ते म्हणाले, "तो ऑफिसजवळचा चौक जरा वाईटच आहे. सकाळी सूर्य बरोबर डोळ्यांवर येतो. आणि त्यात हे अमेरिकन लोक..." आई म्हणाली, "चौक नको. सूर्य नको. अमेरिका नको, जर्मनी पण नको. यांना दिसतं का?" टीव्हीवर कोणीतरी गोल केला असावा, प्रचंड आरडाओरडा झाला, आणि आमच्यापैकी कोणीही तिकडे बघितलं नाही. केनकाकांनी कप पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही. सॉरी, मॅनी. कडेचं तुला काहीच दिसत नाही. ईस्टरपासून मी त्या चौकात डोळे मिटून घ्यायचो. म्हणून माझी गाडी काढत होतो." बाबा म्हणाले, "मग बोलला का नाहीस?" केनकाका म्हणाले, "कसं बोलणार होतो?" आणि मला त्या क्षणी त्या दोघांचा, त्यांच्या काकड्यांचा आणि त्यांच्या बोगद्यांचा असा संताप आला की कप फेकावासा वाटला.

बाबा उठले. बाबांना राग आलेला मी फार कमी वेळा बघितला आहे. किल्ली उचलून ते आईला मराठीत म्हणाले, "लहानपणी शाळेच्या मॅचला कंत्राटदाराची जीप आली होती सगळ्या पोरांना न्यायला. मी चढलो. अर्ध्या रस्त्यात त्याने विचारलं, कोणत्या वस्तीतला रे तू? सांगितलं. म्हणाला, उतर. भर उन्हात चालत घरी आलो. तेव्हापासून ठरवलं होतं, माझ्या गाडीतून मला कोणी उतर म्हणणार नाही. तू म्हणते आहेस?" हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईला ते माहीत असणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "हो. मी म्हणते आहे." बाबा म्हणाले, "चल, दाखवतो चालवून. सगळे चला." आणि गराजमध्ये गेले. मोठं दार गडगडत वर गेलं. आम्ही मागोमाग. बाबा डाव्या सीटवर बसले, इंजिन सुरू केलं, खिडकीची काच खाली केली. आई पलीकडच्या बाजूला गेली, भिंतीला पाठ लावून, बॉनेटच्या उजव्या कोपऱ्याशी उभी राहिली. अंगावर केशरी सुती साडी होती तिच्या. हात पुढे केला तर गाडीला लागेल इतकी जवळ. बाबांनी आरशात मागे बघितलं, समोर बघितलं, आणि मला म्हणाले, "सू, तुझ्या आईला बोलाव. तिलाच दाखवायचं आहे. कुठे गेली ती?"

आई हलली नाही, बोलली नाही. तिने नुसतं बाबांकडे बघितलं. शेवटी दारातून केनकाकाच म्हणाले, "मॅनी, ती तिथेच आहे, मित्रा." बाबांनी मान उजवीकडे वळवली. हळूहळू. ती साडी त्यांना कधी दिसली ते मला त्यांच्या चेहऱ्यावर कळलं. इंजिन तसंच चालू होतं, गराजमध्ये धूर साठायला लागला होता. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि हात स्टीअरिंगवर ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलला असेल." आई म्हणाली, "असेल. डॉक्टर सांगेल."

माझी मुलगी गेल्या वर्षी परमिटच्या वयाची झाली. तिला शिकवायला मी बसते तेव्हा तिला वाटतं आई फार किटकिट करते. "मॉम, आय सॉ इट," असं ती म्हणते, दर दोन मिनिटांनी, कारण मी दर दोन मिनिटांनी विचारत असते. माझ्या डोळ्यांतला दाब दर वर्षी तपासतात; दोन वर्षांपासून मलाही थेंब सुरू झाले आहेत. आमच्या घराण्यात हा डोळ्यांचा आजार चालत येतो, हे आता आम्हाला ठाऊक आहे. माझे वेळेत सुरू झाले. थेंब घालताना पहिल्या क्षणी झोंबतं आणि मी दर वेळी बाबांवर थोडी चिडते, त्यांच्यावर प्रेम असूनही चिडते. सवय म्हणे!

तेव्हा बाबांना डॉक्टरकडे केनकाकांनीच नेलं, रजा काढून. तपासणीच्या खोलीत बाबांना एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं आणि हातात बटण दिलं: कुठेही बारीक दिवा लुकलुकला की दाबायचं. मी आणि आई दाराशी उभ्या होतो. बटणाचा टक असा आवाज यायचा. टक. टक. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं यंत्र बंद पडलं. पण त्या तंत्रज्ञ मुलीच्या चेहऱ्याकडे बघून कळत होतं की दिवे लागताहेत. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी माझ्या मनगटात रुतली. मग पुन्हा टक. नंतर डॉक्टरांनी कागद समोर ठेवला: सगळीकडे काळं, मधे थोडं पांढरं. काचबिंदू. त्यांनी विचारलं, काही जाणवत नव्हतं का, गाडी चालवताना? बाबा म्हणाले, "मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये चालवली आहे." डॉक्टरांना याचा काही अर्थ लागला नाही. ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही. थेंबांनी उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू. दोन वर्षांपूर्वी आला असता तर बरंच वाचलं असतं. गाडी चालवायची नाही, आजपासून. आई म्हणाली, "दोन वर्षं आम्ही हसत होतो." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, आणि कोणी त्यांना भाषांतर करून सांगितलं नाही.

पुढे केनकाका कंपनी बंद होईपर्यंत बाबांना रोज कामाला घेऊन गेले आणि आणून सोडत राहिले. आईला गाडी शिकवली तीही त्यांनीच. ती पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या परीक्षेत तपासनिसाशी भांडली आणि पास झाली. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही डॉक्टरकडून बाहेर पडलो तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबा पुढे केनकाकांच्या शेजारी बसले, मी आणि आई मागे. डोळ्यांत औषध घातल्यामुळे बाबांना काळा कागदी चष्मा दिला होता. केनकाकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "जर्मन बँक म्हणे पुन्हा..." आणि त्यांचा आवाजच गेला. ते दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, पार्किंगमध्येच, रडायला लागले. मोठा माणूस असा रडताना मी कधी बघितला नव्हता. बाबांनी हात चाचपडत पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. तो तिथेच राहू दिला. मग केनकाकांनी नाक शिंकरलं, गाडी सुरू केली आणि पार्किंगच्या तोंडाशी आणली. आम्हाला डावीकडे वळायचं होतं, समोर मोठा रस्ता, दोन्हीकडून गाड्या. केनकाकांनी डावीकडे बघितलं आणि सवयीने विचारलं, "तुझ्या बाजूने कोणी येतंय का, मॅनी?"

मागे बसलेल्या आम्ही दोघी ताठ झालो. केनकाकांच्याही लक्षात आलं. त्यांनी जीभ चावली. बाबांनी मान उजवीकडे वळवली, काळ्या चष्म्यातून रस्त्याकडे बराच वेळ बघितलं, खरंच प्रयत्न केला त्यांनी.

"मला दिसत नाही, केन," ते म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, आणि मग मान मागे करून मराठीत, "यशो, मला दिसत नाही गं. तू बघ."

आईने कधी स्टीअरिंगला हात लावला नव्हता. तिने खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. "ट्रक आहे," ती म्हणाली. "थांबा." ट्रक गेला. "अजून एक. थांबा. थांबा म्हटलं नं." मग तिने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं, आणि बाबांच्या दंडाला हात लावून म्हणाली, "आता कोणी नाही. चला."